कोंड्याचा मांडा: नवशिक्यांसाठी कृती

साहित्य

चार माणसांचं कुटुंब, एक पगार, तीन डबे मावतील असा कुकर, विरजण मागायला जाता येईल असा शेजार, आणि 'मला आज तशी भूकच नाही' हे वाक्य सहज म्हणू शकणारा घरातला एक माणूस. हा शेवटचा घटक बाजारात मिळत नाही. पण घाबरू नका, बहुतेक घरांत तो लग्न होऊन आधीच आलेला असतो.

वाढणी: चार जणांसाठी. पाहुणा आला तर पाच. साहित्य तेवढंच.

लागणारा वेळ: एक महिना. फेब्रुवारी दोन-तीन दिवसांनी लवकर शिजतो, त्यामुळे नवशिक्यांनी सुरुवात फेब्रुवारीत करावी.

माप: १९७० साली आलेल्या 'रुचिरा'मध्ये कमलाबाई ओगल्यांनी वाटी-चमच्याची मापं दिली आणि कितीतरी नव्या सुनांची सोय केली. ती मापं भरलेल्या डब्यांसाठी आहेत. पंचवीस तारखेनंतर वाटी डब्याच्या तळाला लागून खण्‌कन वाजते, आणि तो आवाज बाहेरच्या खोलीत ऐकू जातो. तेव्हा डाळ मुठीनं घ्यावी. मूठ वाजत नाही.

पूर्वतयारी

स्वस्तात खायचं तर आधी हातात पैसे हवेत. नवशिके नेमके इथे अडखळतात. त्यांना वाटतं, पैसे नसले की आपोआप स्वस्तात भागतं. तसं नसतं. मार्च ते मे या काळात नवा गहू, नवी ज्वारी, तूरडाळ आणि लाल मिरची बाजारात येते, तेव्हा भाव उतरलेले असतात आणि माल कोरडा असतो. शहाण्या बाया तेव्हाच वर्षाचं भरून ठेवतात. गव्हाला एरंडेल चोळायचं, चार दिवस उन्हं दाखवायची, कोठीत कडुनिंबाचा वाळलेला पाला घालायचा, की पुढच्या उन्हाळ्यापर्यंत भावाची चिंता नाही. चौघांना पुरेल एवढा दीडेक क्विंटल गहू, थोडी ज्वारी, तांदूळ, डाळ आणि तिखटाच्या मिरच्या धरल्या तर वीसेक हजार एकदम मोजावे लागतात. ते असले की वर्षभर काटकसर करता येते. नसले की किलो-किलोनं आणायचं, पावसाळ्यात चढ्या भावानं आणायचं, आणि वर्षाअखेरी ज्याच्याकडे वीस हजार होते त्याच्यापेक्षा जास्त पैसे देऊन तोच गहू खायचा.

यावर उपाय भिशी. दहा-बाराजणी मिळून दरमहा ठरावीक रक्कम काढतात आणि चिठ्ठी टाकतात. चिठ्ठी एप्रिलमध्ये निघाली तर घरात गहू येतो. दिवाळीत निघाली तर त्याच पैशांचे कपडे आणि फराळ होतो, आणि गहू वाण्याच्या वहीत जातो. म्हणून भिशीच्या पहिल्या बैठकीलाच जरा चेहरा पाडून बसावं आणि एप्रिलचा नंबर मागून घ्यावा. 'पोरीच्या शाळेची फी आहे गं' असं सांगावं. फी असतेच, त्यामुळे खोटं बोलल्याचं पाप लागत नाही.

एवढा गहू ठेवायचा कुठे, हे मात्र विचारू नका. दहा बाय बाराच्या खोलीत कोठी पलंगाखाली जाते, पलंग चार विटांवर जातो, आणि आजोबा त्यावर चढताना रोज काहीतरी पुटपुटतात.

दुसरी तयारी रेशनकार्डाची. महाराष्ट्रात १९९९ पासून त्याचे तीन रंग आहेत: पिवळा, केशरी आणि पांढरा. वर्षाला एक लाखाच्या वर गेलात की पांढरा. म्हणजे महिन्याला साडेआठ हजार मिळवणारा माणूस कागदोपत्री खाऊनपिऊन सुखी झाला. २०१३ चा अन्नसुरक्षा कायदा आला तेव्हा 'प्राधान्य कुटुंब' ठरवायला शहरात वार्षिक ५९ हजार आणि खेड्यात ४४ हजारांची मर्यादा धरली गेली. शहरात महिन्याला पाच हजार कमावणाऱ्या घराला प्राधान्य नाही! असं पत्र कधी आलं तर पेढे वाटू नका, पेढ्यांचा भाव बघा.

यादीत नाव असलंच तर माणशी पाच किलो धान्य मिळतं. पूर्वी गहू दोन रुपये आणि तांदूळ तीन रुपये किलो होता, जानेवारी २०२३ पासून फुकट आहे. त्यासाठी यंत्रावर अंगठा द्यावा लागतो. वर्षानुवर्षं राखेनं, मग पावडरीनं, मग त्या हिरव्या घासणीनं भांडी घासून ज्या अंगठ्याच्या रेषा गेल्या, तो यंत्राला ओळखू येत नाही. 'मावशी, दुसरं बोट लावा. पुसून लावा. जोरात दाबा.' मागे रांग. अशा वेळी घरातल्या ज्या माणसानं कधी भांडं घासलेलं नाही त्याला बरोबर न्यावं. त्याचा अंगठा पहिल्याच फटक्यात लागतो.

सरकारनं या कृतीत अधूनमधून हात घातला आहे, हेही नोंदवायला हवं. १९९५ मध्ये युतीचं सरकार आलं आणि एक रुपयात झुणका-भाकर निघाली. पुढे त्यातल्या अनेक टपऱ्यांवर वडापाव आणि शेजवान भात मिळू लागला. मग २६ जानेवारी २०२० ला दहा रुपयांची शिवभोजन थाळी आली: दोन पोळ्या, एक भाजी, वरण, भात. एकट्यादुकट्या माणसाला ती उत्तम. चौघांचं बिऱ्हाड उचलून दुपारी बारा वाजता केंद्रावर रांगेत उभं करायचं, तर त्या दिवसाची मजुरी बुडते.

बाजार

भाजी सकाळी बघावी आणि रात्री घ्यावी. सकाळी ती टवटवीत असते, म्हणजे आपली नसते. रात्री साडेआठच्या पुढे भाजीवाली पोतं झटकायला लागते, आणि उरलेल्या मालाचे वाटे लावते.

'मावशी, गवार कशी?'

'तीसला पाव.'

'आणि हा भेंडीचा वाटा?'

'दहाला न्या. पण जून निघाली तर उद्या माझ्या नावानं ओरडू नका, ताई.'

जून निघतेच. दाणे सोडवून आमटीत टाकावेत, सालांचं दहा रुपयांत फार मनावर घेऊ नये. कोथिंबीर-कढीपत्ता पैसे दिल्यानंतर मागावा, आधी नाही. आणि दोन रुपयांसाठी घासाघीस करताना आवाज खाली ठेवावा. तिच्याही घरी चार माणसं आहेत, आणि ती तुमच्याच कृतीनं स्वयंपाक करते.

आता एक नियम सांगते तो नीट ऐका, कारण तो कुठल्या पुस्तकात नाही. स्वस्त पदार्थ श्रीमंतांना सापडायच्या आत खाऊन घ्यावा. ज्वारी पाहा. पिढ्यान्‌पिढ्या गरिबाच्या ताटातली भाकरी, पोळी ही सणाची. मग मधुमेहाच्या डॉक्टरांनी भाकरी सांगितली, जिमच्या पोरांनी सांगितली, आणि आता शहरात ज्वारी गव्हाहून महाग मिळते. हॉटेलात तीच भाकरी टोपलीत रुमालाखाली झाकून येते, आणि एका भाकरीच्या पैशांत घरी आठवडाभराच्या भाकऱ्या होतात. नाचणीचंही तेच. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरं झालं, आणि त्या आनंदात नाचणीची बिस्किटं आली, जी नाचणी पिकवणाऱ्याला परवडत नाहीत. शेवग्याचा पाला कुंपणावरून ओरबाडून आणायचा, लसूण घालून परतायचा, एवढीच त्याची किंमत होती. आता तो मोरिंगा पावडर होऊन डबीत बसला आहे.

१९७२ च्या दुष्काळात अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी, ती मिलो, आमच्या आधीच्या पिढीनं नाक मुरडत खाल्ली. दुष्काळी कामावर सुकडी मिळायची आणि रेशनवर मिलो. त्या लाल भाकरीची आठवण काढली की जुनी माणसं अजून तोंड वाकडं करतात. आज कुणी तीच ज्वारी तपकिरी कागदी पाकिटात घालून सुतळीनं बांधली आणि वर 'वारसा धान्य' असं छापलं, तर एका संध्याकाळी संपेल.

अजून सापडलं नाही असं काय उरलंय? हुलगे आहेत. चवळीचा पाला, अंबाडी, घोळ आणि मुळ्याचा पाला आहे. पण हे मोठ्यानं बोलू नका. कुळथाचं सूप निघालंच आहे एक-दोन ठिकाणी.

किराण्यात डोळ्यांपेक्षा चष्मा महत्त्वाचा. लिटरभर तेलाचं वजन साधारण ९१० ग्रॅम भरतं. शेजारी जी स्वस्त पिशवी ठेवलेली असते तिच्यावर बारीक अक्षरांत ८५० ग्रॅम लिहिलेलं असतं, आणि दिसायला दोघी जुळ्या बहिणी. पाच रुपयांचा बिस्किटपुडाही वर्षानुवर्षं पाच रुपयांचाच आहे, त्यातली बिस्किटं तेवढी दर वर्षी कमी जेवतात.

कृती

आमटीपासून सुरुवात करू. चौघांना अर्धी वाटी डाळ. २०२३-२४ मध्ये तूरडाळ दीडशेच्या पुढे गेली तेव्हापासून तीत निम्मी मसूर मिसळण्याची प्रथा आहे, आणि ती मिसळल्याचं कुणाला सांगायचं नाही अशीही प्रथा आहे. डाळ रात्री भिजत घाला, सिलिंडरमध्ये १४.२ किलोच गॅस असतो आणि तो शिट्ट्यांमध्ये जातो. खालच्या डब्यात डाळ, मधल्यात भात, वरच्यात बटाटे, असा एकाच आचेवर तीन मजली स्वयंपाक व्हायला हवा. डाळ शिजली की घोटा, पाणी घाला, आणि पातळ झाल्याची शंका आली तर चमचाभर बेसन पाण्यात कालवून सोडा. शंका ताटात आल्यावर आली, तर दोन चमचे दाण्याचं कूट. आंबटाला आमसूल. खरी मेहनत फोडणीवर घ्यायची. लसूण ठेचून घाला, हिंग जरा सढळ टाका, आणि फोडणी झाकणाखाली न देता उघडी द्या. तिचा आवाज आणि वास जिन्यापर्यंत गेला की घरातल्यांना निम्मं जेवल्यासारखं वाटतं, आणि शेजारच्यांना तुमचं बरं चाललंय असं वाटतं.

पिठलं सगळ्यांना येतं, त्यावर वेळ घालवत नाही. वरणफळं मात्र शिका. कणकेची पोळी लाटायची, शंकरपाळ्यासारखे तुकडे कापायचे, उकळत्या आमटीत सोडायचे. पोळी वेगळी नको, भाजी वेगळी नको, एकच पातेलं, एकच शेगडी. हुलग्याच्या पिठाची शेंगोळी हीच युक्ती वापरते आणि थंडीत अंगाला ऊब देते. वर चमचाभर तूप हवं, असं सगळे म्हणतात.

त्या तुपाची गोष्ट मला थोडी सविस्तर सांगायची आहे. दूध तापवून निवलं की त्यावर जाड साय धरते. ती चमच्यानं कडेकडेनं उचलून डब्यात, डबा फ्रिजमध्ये. पिशवीच्या दुधाला साय बेताचीच, त्यामुळे दहा-बारा दिवस लागतात. मग विरजायची, घुसळायची, लोण्याचा गोळा वर आला की ताक वेगळं. ताकाची कढी होते, तो एक दिवस भाजीचा वाचला. लोणी कढवायला ठेवलं की आधी फसफसतं, मग आवाज हळूहळू कमी होत जातो, आणि तळाशी बदामी बेरी दिसायला लागते. तूप गाळून घेतल्यावर पातेल्याला चिकटलेल्या त्या बेरीत साखर घालून मुलांना द्यायची. दोघं असतील तर भांडण होतं. मग त्याच पातेल्यात कणीक मळायची, म्हणजे उरलंसुरलं तूप कणकेत जातं आणि भांडं घासायला साबण लागत नाही. तेलाची पिशवी रिकामी झाली की ती कात्रीनं उभी फाडून कणकेच्या गोळ्यावर पुसून घेतात तोही याच जातीचा प्रकार. दुधाच्या पिशवीत पाणी घालून हलवून ते पातेल्यात ओतणं मी इथे लिहीत नाही, कारण ते न करणारं मराठी घर अजून माझ्या पाहण्यात नाही.

सालं फेकू नका. दोडक्याच्या शिरांची चटणी, दुधीच्या सालांची चटणी, मटाराच्या टरफलांचा आतला पापुद्रा सोलून भाजी, कलिंगडाच्या पांढऱ्या गराची थालीपिठं. पुरणाची डाळ शिजवून पाणी काढलं की त्याची कटाची आमटी होते. टोमॅटोची सवय लावूच नका. २०२३ च्या जुलैत टोमॅटो शंभरीपार गेला तेव्हा चिंचेच्या घरांना काही कळलंसुद्धा नाही. त्याच वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर भाव पडले म्हणून शेतकरी कांदा रस्त्यावर ओतत होते. आपल्या पाटीपर्यंत मात्र तो स्वस्त कांदा काही पोचला नाही, मध्येच कुणीतरी जेवलं असणार.

शिळ्याला नवं नाव द्यावं. रात्रीच्या पोळ्या सकाळी कुस्करून कांदा-मिरचीची फोडणी दिली की सासूबाईंच्या भाषेत तो कुस्करा. मुलं तो खात नाहीत. त्याच पोळ्या गुंडाळून कात्रीनं बारीक कापल्या आणि वर सॉस घातला, की नूडल्स. मुलं भांडून खातात. शिळा भात थालीपिठात, उरलेलं वरण पराठ्याच्या कणकेत. इडलीचं पीठ रविवारी इडली, सोमवारी डोसा, मंगळवारी कांदा घालून उत्तप्पा, आणि बुधवारी इतकं आंबट होतं की त्याला रवा लावून अप्पे करावे लागतात. गुरुवारी उपवास धरावा.

उपवासाचं वेगळं बोलायला हवं. एकादशीला साबुदाणा, दाणे, बटाटे, राजगिरा, वर तूप असा घाट घातला तर दोन दिवसांचा खर्च एका दिवसात होतो, 'एकादशी, दुप्पट खाशी' ही म्हण उगीच पडलेली नाही. काटकसरीला चालतो तो उपवास एकाच माणसाचा, चहावरचा, आणि बाकीच्यांचा स्वयंपाक करून केलेला.

आता साहित्यातल्या त्या शेवटच्या घटकाकडे येऊ. आमटीत पाणी घातलं, डाळीत मसूर घातली, सालांची चटणी केली, तरीही चार माणसांत साडेतीन माणसांची भाजी असते. अर्ध्या माणसाचा हिशेब कुठेतरी बसवावाच लागतो. तो शेवटी जेवणाऱ्याच्या ताटात बसतो. त्यासाठी काही वाक्यं घोटून ठेवावीत. 'वास घेऊनच पोट भरलं.' 'मला ना, भाजीपेक्षा लोणचंच आवडतं.' 'करपलेली पोळी मला चालते, खमंग लागते.' ही वाक्यं इतक्या सफाईनं म्हटली जातात की मुलं मोठी होऊन नोकरीला लागली तरी आईला करपलेली पोळी आवडते असंच समजतात आणि तिला आवर्जून वाढतात. हा खर्च वाण्याच्या वहीत दिसत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत तो दिसतो: महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५४ टक्के रक्तक्षयाच्या. मग दवाखान्यात लोहाच्या गोळ्या मिळतात, आणि कागदावर लिहून देतात: पालेभाज्या, गूळ, खजूर, डाळिंब. तो कागद फ्रिजवर चुंबकानं लावतात. निदान वाचायला तरी डाळिंब रोज मिळतं.

घरात असा माणूस एकच असेल तर पाळ्या लावाव्यात, अशी माझी सूचना आहे. सोमवारी करपलेली पोळी ह्यांना, मंगळवारी थोरल्याला. आमच्या ओळखीच्या एका घरात हा प्रयोग झाला. तिसऱ्या दिवशी त्या घरातली पोळी करपायची थांबली, कारण घरचे यजमान स्वतः तव्यापाशी उभे राहायला लागले.

पाहुणे

पाहुणा अठ्ठावीस तारखेला येतो. पगाराच्या दिवशी तो कधीच येत नाही, कारण त्या दिवशी तोही वाण्याकडे गेलेला असतो.

'जेवायलाच थांबा ना' आणि 'जेवायला थांबणार का?' यांतलं कुठलं वाक्य बोलायचं ते वेळेवर ठरवा. पहिल्यावर पाहुणा 'नको, नको' म्हणतो, दुसऱ्यावर घड्याळ बघतो. साडेसहाला आला तर पोहे. मुठीनं घ्या, बटाटा बारीक चिरा, कोथिंबीर वरून दिसेल अशी टाका. साडेसातला आला आणि तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली, तर मात्र सुटका नाही. मनातल्या मनात आमटीचा हिशेब करा आणि हसतमुखानं ताट मांडा. भात आधी वाढा, पोळ्या मागून.

धोका मुलांकडून असतो. पाहुण्यासमोर 'आई, आज पापड कसा काय?' असं विचारणारं मूल प्रत्येक घरात एक तरी असतं. त्याला आधीच आत नेऊन समजवा, पण फार समजवू नका, नाहीतर ते बाहेर येऊन 'मला पापड नको, आई म्हणाली पाहुण्यांना पुरायला हवेत' असं सांगतं.

पाहुणा येताना काही आणतोच. केळी असतील तर दुसऱ्या दिवशी शिकरण, त्या दिवशी भाजीला सुट्टी. मिठाईचा डबा असेल तर नाइलाज आहे, तो मुलांनी पाहिलेला असतो. बिस्किटांचा मोठा पुडा असेल तर मात्र तो उघडू नका. त्यावरची तारीख बघा आणि कपाटात वरच्या फळीवर ठेवा, पुढच्या रविवारी आपल्यालाही कुणाकडे तरी जायचं असतं. फक्त पुड्याच्या तळाशी पेन्सिलीनं, अगदी बारीक अक्षरात, तो कुणी दिला ते लिहून ठेवा. आणि निघायच्या आधी ते खोडून टाका.